मशीन म्हणाली ठीक, म्हणून मी म्हणालो ठीक

ज्याच्या हातात थुंकीची डबी देऊन "उद्या सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून, खोल खोकून यात थुंकून आणा" असं सांगितलंय, त्याच्यासाठी मी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी ना नाही. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. चुका असतील. पण टीबी मला झाला, सहा महिने गोळ्या मी गिळल्या, तेव्हा या एका विषयात मला कोणी गप्प बसवू नये.

राहायला बदलापूर गावात, दोन खोल्या. रिटायर होईपर्यंत अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर चालवला. बायको शालन गेल्या वर्षी गेली. तिलाही टीबीच होता, आणि मला तो तिच्याकडूनच लागला. सरळ लिहितो, कारण लोक हे कुजबुजत बोलतात. तिचा दोष नाही. दोष कोणाचा ते पुढे येईलच.

शालनचा खोकला

आधी वाटलं धूळ असेल. आमच्याकडे रोज एक नवी बिल्डिंग उठते, सिमेंट उडतं, अख्खं गाव खोकतं. शालन पदर तोंडाला लावून खोकायची आणि भाकऱ्या थापायची. अंगातली चोळी सैल झाली तर म्हणाली, "बरं झालं, शिंपी म्हणायचा कापड पुरत नाही."

गावातल्या बायका म्हणाल्या, देवीचा अंगारा लाव. शालनने लावला. मी हसलो. "आपण सायन्स मानणारी माणसं," म्हणालो. तीस वर्षं वाफ, प्रेशर, मीटर यांच्यात घालवलेली. मला वाटायचं, भगताकडे जात नाही म्हणजे मी सायन्सवाला झालो.

मग मी तिला उल्हासनगरला घेऊन गेलो. एका गाळ्यात शिबिर होतं. कोट घातलेला पोरगा, टेबलावर कॉम्प्युटर, आणि वायर जोडलेली पितळेची दांडी. ती मुठीत धरून मिनिटभर बसायचं. ना सुई, ना रक्त. कॉम्प्युटरवर रंगीत आकडे पळतात आणि प्रिंटरमधून अख्ख्या शरीराचा रिपोर्ट पडतो. हृदय, मूत्रपिंड, हाडं, सगळं.

शालनने दांडी उलटीपालटी करून बघितली. हळूच मला म्हणाली, "अहो, खोकला छातीत आहे. मुठीत दांडी धरून तो हिला कसा कळणार?"

मी तिला म्हणालो, "तुला काय कळतंय सायन्समधलं? धर गपचूप."

तिने धरली.

रिपोर्टमध्ये फुप्फुसांपुढे हिरवी खूण आली. उत्तम. पोट जरा कमजोर, त्याच्यावर पावडरचे डबे. मी ते कागद प्लास्टिकच्या फायलीत घातले. दोन महिन्यांनी पुन्हा नेलं, पुन्हा हिरवं. कोणी म्हणालं वहिनींचा एक्सरे काढा, तर मी फाईल काढून दाखवायचो. छापील होतं ना सगळं.

आठ दिवस

रक्त पडलं तेव्हा तिला सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने एक्सरे उजेडाकडे धरला आणि विचारलं, "किती दिवसांपासून खोकतायत?"

"सात महिने."

"थुंकी तपासली नाही?"

मी फाईल पुढे केली. तिने दोन पानं उलटली, बंद केली, माझ्या हातात परत दिली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या, पण शालनमध्ये काही उरलं नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी गेली. आदल्या दिवशी मला म्हणाली, "तुम्ही चहा घेतलात का?" मी हो म्हणालो. घेतला नव्हता. तिच्याशी शेवटचं बोललो तेही खोटंच.

डबी

घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, असं डॉक्टरणीने बजावलं होतं. मी गेलो नाही. कशाला जायचं, असंच वाटत होतं. मुलगी मंदा अंबरनाथला राहते. ती नि जावई प्रशांतराव दोघं नोकरीला जातात, म्हणून त्यांची चार वर्षांची स्वरा दिवसभर शालनकडे असायची. आजीच्या अंगावर लोळायची, आजीच्या ताटात जेवायची.

चार महिन्यांनी मला खोकला लागला. रोज संध्याकाळी कणकण. दवाखान्यातल्या संगीताताई घरोघर फिरतात, त्यांनी मला ओट्यावर खोकताना ऐकलं आणि डबी हातात ठेवली. मी म्हणालो, "बाई, मला काही नको."

"काका, मी तुमची मर्जी विचारत नाहीये. थुंकी मागतेय."

ज्या दिवशी टीबी निघाला त्या दिवशी मी घाबरलो नाही, हे खोटं वाटेल पण खरं आहे. मला वाटलं, हिशेब बरोबर झाला. दवाखान्याबाहेर एका दगडावर बसलो. संगीताताई शेजारी येऊन बसल्या, पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. रोज सकाळी उपाशीपोटी, वजनाप्रमाणे इतक्या, एकदम. लघवी केशरी-लाल होईल, घाबरायचं नाही, तो गोळीचा रंग आहे. एकही दिवस सोडायचा नाही. पाकीट उलटून बघितलं. तीच गोळी. शालनला आठ दिवस मिळालेली.

सायन्स मानणारे प्रशांतराव

जावई चांगला माणूस आहे, आधीच सांगतो. इंजिनियर आहे. माझा टीबी कळल्यावर त्याने मोबाईलवर रात्रंदिवस वाचलं. पहिल्यांदा आला तो तोंडाला दोन मास्क लावून, दारातच उभा.

"बाबा, आम्ही सायन्सवर विश्वास ठेवणारी माणसं. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका, पण ताट-वाटी वेगळी ठेवा."

संगीताताई तिथेच होत्या. म्हणाल्या, "ताटाने टीबी होत नाही हो साहेब. खोकल्यातून हवेतनं होतो. औषध नीट चालू राहिलं की काही आठवड्यांत ते पण थांबतं."

"हो हो, वाचलंय मी," प्रशांतराव म्हणाले, आणि जाताना दाराची कडी कोपराने लावली.

ताई त्यांच्या मागे अंगणात गेल्या. "तुमच्या मुलीला तपासायला आणा. आजी आणि आजोबा, दोघांच्या सोबत होती ती. पाच वर्षांच्या आतलं पोर आहे. आजार नसला तरी होऊ नये म्हणून औषध देतात."

"ती एकदम फिट आहे. दिवसभर उड्या मारते. एवढ्याशा पोरीला एक्सरेचं रेडिएशन नि महिनोन् महिने ॲन्टिबायोटिक? मी याबद्दल बरंच वाचलंय."

मी आत खाटेवर बसून ऐकत होतो. उड्या मारतेय म्हणून फिट. शालन भाकऱ्या थापत होती म्हणून फिट. ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगायचं तर फाईलची गोष्ट सांगावी लागली असती. मंदाला ती ठाऊक नव्हती. तिला एवढंच माहीत होतं की आईला डॉक्टरकडे न्यायचो आणि आजार उशिरा कळला. मी तोंड मिटून बसलो. माझी लाज मला नातीपेक्षा मोठी वाटली त्या दिवशी.

गोळ्या

पहिला महिना कठीण. सकाळी मळमळ, जिभेवर लोखंडाची चव, भात बघून उलटी. मंदा ऑफिसला जाण्याआधी डबा दारात ठेवून जायची. लांबूनच विचारायची, "खाल्लंत का बाबा?" आणि पाठ फिरवून डोळे पुसायची. शेजारच्या गोदाक्का कुंपणावरून केळी टाकायच्या, "धर रे, माकडा," म्हणत. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या आहेत, त्यांना तो हक्क आहे. ज्याला मळमळतं त्याने गोळीनंतर अर्ध्या तासाने केळं खावं, मला लागू पडलं.

आता जे लिहितोय ते वाचून मला नावं ठेवा. शालनच्या वाढदिवसाच्या दिवशी मी गोळ्या मोरीत टाकल्या. दुसऱ्या दिवशीही. पाच दिवस. पाकीट रिकामं दिसलं पाहिजे, म्हणून रोज मोजून फोडायचो आणि पाण्याबरोबर सोडून द्यायचो. मरायचं ठरवलं होतं असं नाही. पण गोळी हातात घेतली की वाटायचं, ही शालनच्या वाट्याची आहे, मी कोण खाणारा.

सहाव्या दिवशी संगीताताई आल्या. पाकिटं बघितली. "छान. लघवीचा रंग कसा आहे?"

"लाल."

"बघू."

"बाई, शरम आहे का काही?"

"मला नाही. तुम्हाला असेल तर आत जाऊन बाटलीत आणा." आणि पिशवीतून बाटली काढून त्यांनी ओट्यावर ठेवली. गोदाक्का कुंपणापलीकडे हसत होत्या.

मी बसून राहिलो. ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही खोटं बोलाल. पाकीट पण खोटं बोलेल. लघवी खोटं बोलत नाही."

नळी

त्या ओरडल्या नाहीत. चहा मागितला. माझ्या हातचा चहा प्यायल्या, तेही माझ्याच कपात. तेवढ्यावर मी वितळलो. फाईलची गोष्ट सांगितली. दांडी, हिरवी खूण, शालनने काय विचारलं आणि मी काय बोललो ते. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही बॉयलरवर होतात ना? तिथे काय काम असतं नक्की?"

मला वाटलं विषय बदलतायत. सांगितलं. बॉयलरला पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी असते. पाणी संपलं आणि आग चालू राहिली तर बॉयलर फुटतो, माणसं मरतात. पण नळीचं भोक गाळाने बुजलं तर आत पाणी नसतानाही नळीत पाणी उभं दिसतं. म्हणून ड्युटीवर आल्या आल्या पहिलं काम हे की खालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून नळी पूर्ण रिकामी करायची, मग बंद करायची, आणि पाणी झरकन वर चढतं का बघायचं. झरकन चढलं तर नळी खरी. रेंगाळलं तर तिच्यावर भरवसा नाही, आग कमी करा. आधीच्या पाळीवाल्याने "ठीक आहे" म्हणून वहीत सही केली असली तरी आपण आपली नळी रिकामी करून बघायचीच. साहेब उभा असला तरी. माझे उस्ताद म्हणायचे, "नळी बघू नको, नळी तपास."

हे मी मोठ्या अभिमानाने सांगत होतो. सांगता सांगताच थांबलो.

ताईंनी कप खाली ठेवला. "रोज करायचात?"

"एक पाळी चुकवली नाही. तीस वर्षं."

पुढचं मीच बोललो. लोखंडाच्या बॉयलरसाठी मी रोज नळी तपासली. बायकोसाठी एकदाही नाही. आणि तिने तपासायचं म्हटलं तर तिला गप्प बसवलं. सातवी शिकलेल्या माझ्यापेक्षा चौथी शिकलेली शालन जास्त सायन्सवाली होती.

मी रडलो. ताईंनी रडू दिलं. मग गोळ्या हातावर काढून समोर धरल्या. "या काकूंच्या नाहीत, तुमच्या आहेत. गिळा. मला पुढच्या घरी जायचंय."

ओला रुमाल

पाच दिवस बुडवल्याबद्दल डॉक्टरांनी झापलं, पण गाडी रुळावर आली. दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासली, जंतू दिसले नाहीत. डाग एक्सरेत होताच, आणि गोळ्या अजून चार महिने होत्या. त्या आठवड्यात मी उल्हासनगरला गेलो.

तोच गाळा, तीच मशीन, पोरगा नवीन. नाव खोटं सांगितलं. वय सांगितलं चाळीस. पोराने माझ्या टकलाकडे बघितलं आणि चाळीस लिहिलं. दांडी हातात दिली आणि त्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. मी खिशातला रुमाल पाण्यात भिजवला, दांडीभोवती गुंडाळला, टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसलो.

मशीन चालली. आकडे पळाले. प्रिंटरमधून कागद पडला. फुप्फुसं उत्तम, हिरवी खूण. लिव्हर जरा कमजोर.

पोरगा आला तेव्हा मी त्याला दाखवलं. "ये मेरे रुमाल का लिव्हर है बेटा. कमजोर है बोलता है."

तो गडबडला. मग म्हणाला, "अंकल, आपको विश्वास ही नहीं है. विश्वास के बिना मशीन काम नहीं करती."

मी कागद घडी करून खिशात घातला आणि उठलो. पण हे वाक्य मी घरापर्यंत चघळत आलो. माझ्या गोळ्यांना माझा विश्वास कुठे लागला होता? मला तर जगायचंही नव्हतं. त्यांना फक्त पोटात जायचं होतं, काम त्यांनी केलं. जे विश्वासाशिवाय चालत नाही त्याला आम्ही सायन्स म्हणत होतो, आणि जिला विश्वासाची पर्वा नाही ती थुंकीची डबी आम्हाला घाण वाटत होती.

मंदाला सांगितलं

रविवारी दोघांना बोलावलं. स्वराला आणलं नव्हतं. दोन कागद समोर ठेवले, एक शालनचा, एक रुमालाचा. सगळं सांगितलं.

मंदाने विचारलं. "आईने विचारलं होतं? तेव्हाच?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"तिला गप्प केलं."

ती उठली. धुतलेला डबा घेतला आणि चालायला लागली. प्रशांतराव तिच्या मागे निघाले तसा मी त्यांचा हात धरला. कित्येक महिन्यांत त्यांना हात लावला नव्हता. म्हणालो, "माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण पोरगी उड्या मारतेय म्हणून ठीक आहे, असं म्हणू नका. तुमच्या मोबाईलमधलं वाचणं म्हणजे माझी फाईल आहे. तपासा. तपासून काही निघालं नाही तर या म्हाताऱ्याला हसा."

त्यांनी हात लगेच सोडवून घेतला नाही, मग मंदाच्या मागे गेले.

तीन दिवस काही कळलं नाही. गोळी घ्यायचो आणि फोनकडे बघत बसायचो. चौथ्या दिवशी प्रशांतरावांचाच फोन. "बाबा, नेलं तिला. एक्सरे झाला, डॉक्टरांनी बघितलं. आजार नाही." आणि मग जरा थांबून, "औषध मात्र द्यायला सांगितलंय, होऊ नये म्हणून. चालू केलंय. मीच देतो सकाळी. थुंकून टाकते गधडी."

मी खाटेवर आडवा झालो आणि बराच वेळ उठलोच नाही.

मंदा बोलत नव्हती. डबा मात्र एक दिवस चुकला नाही. प्रशांतराव आणायचे, आतपर्यंत यायचे, मास्क एकच. एकदा पाणी मागून प्यायले. डब्यात कधी कधी शालनच्या पद्धतीचं सुकटीचं कालवण असायचं, तिखट, खोबरं जास्त. जी मुलगी रागाने बोलत नाही ती असं कालवण करते. मी त्यावर जगलो.

शेवट

सहावा महिना संपला. थुंकी साफ, एक्सरेत जुनी खूण तेवढी. संगीताताई म्हणाल्या, "काका, सुटलात." मी त्यांना म्हणालो, "तुमच्यावर विश्वास ठेवला म्हणून." त्या म्हणाल्या, "माझ्यावर नको हो, मी पण चुकते. पुन्हा खोकला आला तर डबी घ्या."

दुसऱ्या दिवशी मंदा दारात उभी. सोबत स्वरा आणि एक पिशवी. चार महिन्यांनी तोंड उघडलं तिने.

"आईचं मी विसरू शकत नाही बाबा. प्रयत्न करून बघितला."

"विसरू नकोस."

"तुमचे रिपोर्ट मी सगळे वाचले. ताईंना भेटून आले, शंका होत्या त्या विचारल्या." तिने पिशवी खाटेवर ठेवली. "आम्हाला दोन दिवस बाहेरगावी जायचंय. हिचे कपडे यात आहेत. दुपारी झोपते, तुमच्याजवळ झोपवा, एकटी झोपत नाही."

आणि मागे न बघता गेली. पण पोरीला ठेवून गेली.

दुपारी स्वरा माझ्या दंडावर डोकं ठेवून आडवी झाली. मी तोंड भिंतीकडे केलं. कोणी जवळ आलं की तोंड फिरवायचं, अंगवळणी पडलं होतं. जंतू मेलेत हे मला माहीत होतं, मानेला नव्हतं. पोरीने थोडा वेळ वाट बघितली. मग तिचा हात माझ्या गालावर आला, आणि तिने माझं तोंड ओढून स्वतःकडे वळवलं.

"आजोबा, इकडे बघून झोपा ना."

झोपलो.